पहिलंच आउटडोअर एंगेजमेंट शूट: नवी लेन्स घेण्याआधी काय ठरवून ठेवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राचं लग्न ठरलंय, त्या दोघांना मोकळ्या जागेत फोटो काढून हवेत आणि ते काम तुमच्याकडे आलंय. तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे (एफचा आकडा लहान तितकी भिंगाची उघडीप मोठी). आजवर निसर्गाचे फोटो काढलेत, पण दोन माणसांना समोर उभं करून सूचना द्यायची वेळ आलेली नाही. हाताशी तीन आठवडे आहेत. ८५ एमएम लेन्स घ्यावी का आणि कुठल्या पोझ पाठ कराव्यात, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींची उत्तरं पुढे येतील. पण तुमची खरी अडचण लेन्सची नाही आणि पोझचीही नाही. डोंगराचा फोटो काढताना डोंगर थांबून राहतो. सेटिंग बदला, बघा, पुन्हा काढा, त्याला फरक पडत नाही. इथे तुम्ही कॅमेऱ्यात डोकं घालून दोन मिनिटं गप्प राहिलात की समोरची दोघं अवघडतात, आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटायला लागतं आणि पुढचे दहा फोटो ताठ येतात. म्हणून उजेड, जागा, अंतर आणि सेटिंग यांबद्दलचे जितके निर्णय घरी बसून घेता येतील तितके घ्या, म्हणजे तिथे तुमचं लक्ष माणसांकडे राहील. खाली जे लिहितोय ते सगळं त्याच हिशेबाने.

लेन्सचं आधी उरकू. ८५ एमएम उत्तम लेन्स आहे, पण या शूटसाठी घेऊ नका. क्रॉप सेन्सरवर डोक्यापासून पायापर्यंतचा उभा फोटो घ्यायला ५० एमएमनेच साधारण ५ मीटर मागे जावं लागतं. ८५ने तेच अंतर साडेआठ-नऊ मीटर होतं. तेवढ्या लांबून सूचना ओरडून द्याव्या लागतात, आणि नवख्या फोटोग्राफरचं ओरडणं जोडप्याला आणखी अवघडवतं. बहुतेक काम ५० एमएमवर करा. किट लेन्स दोन गोष्टींसाठी ठेवा: मोठ्या परिसरात जोडी लहान दिसते असे २४ ते ३५ एमएमचे फोटो आणि अंगठीचे जवळून घेतलेले फोटो. १८ एमएमला चेहऱ्यांच्या जवळ मात्र जाऊ नका. नाक फुगतं आणि कडेला उभं असलेलं माणूस आडवं ताणलं जातं. किट लेन्सने मागचा भाग फारसा धूसर होत नाही, त्यालाही कारण आहे. ५५ एमएमला एफ ५.६ म्हणजे भिंगाची उघडीप जेमतेम १० मिलिमीटर. ५० एमएमला एफ १.८ म्हणजे जवळपास २८ मिलिमीटर. मागचं किती विरघळणार हे मुख्यतः या उघडिपीवर आणि मागची झाडं जोडीपासून किती लांब आहेत यावर ठरतं. झुडपाला टेकवून उभं केलंत तर महागडी लेन्सही काही करू शकणार नाही. त्यांना झुडपापासून १०-१५ मीटर पुढे आणलंत तर हीच ५० एमएम पुरते.

आता उजेड. वेळ निवडणं हा या कामातला सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तो कॅमेरा हातात घेण्याआधीच होतो. सूर्य क्षितिजापासून १० अंशांच्या खाली आला की ऊन मऊ पडतं, रंग ऊबदार होतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचत नाही. हा काळ किती टिकतो हे तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात आणि ऋतू कुठला आहे यावर अवलंबून आहे. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, तासाला साधारण १५ अंश, म्हणजे शेवटचे १० अंश ४० मिनिटांत संपतात. विषुववृत्तापासून खूप लांब, उन्हाळ्यात, तोच काळ दीड-दोन तासही चालतो. त्यामुळे ‘सूर्यास्ताआधीचा एक तास’ हा सरसकट सल्ला सगळीकडे सारखा लागू होत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. शूटच्या ठिकाणी जाऊन क्षितिज आणि सूर्य यांच्यात मूठ बसते तेव्हा घड्याळ बघा, तुमच्या भागाचा हिशेब मिळेल. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावू नका, आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून तर थेट सूर्य मुळीच पाहू नका. डोळ्याला इजा होते.

हवामानाच्या अ‍ॅपमधली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. पश्चिमेला टेकडी, इमारत किंवा दाट झाडी असेल तर तुमचा सूर्य २०-३० मिनिटं आधीच बुडतो. म्हणून जागा बघायला सकाळी जाऊन उपयोग नाही. ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी, आठवडाभर आधी जा. आठवड्यात सूर्याची जागा आणि वेळ फारशी सरकत नाही. फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेयरसारखी अ‍ॅप सूर्य कुठल्या दिशेला आणि किती उंचीवर असेल ते सांगतात, पण झाडाची फांदी कुठे आडवी येते ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

जागा बघताना मनोहर दृश्य शोधायची सवय तुम्हाला निसर्गाच्या फोटोंमुळे असणार. इथे ती बाजूला ठेवा. तुम्हाला उजेड शोधायचा आहे. स्वतःची मूठ डोळ्यांच्या उंचीवर समोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. बोटांच्या पेरांवरची सावली कुठे कडक होते, कुठे विरते, ते लगेच दिसतं. चेहऱ्यावरही तसंच होणार. शंभर-दीडशे मीटरच्या टापूत तीन प्रकारच्या जागा हेरून ठेवा. पहिली, मोकळी सावली: इमारतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीची कड, जिथून समोर उघडं आकाश दिसतं. जोडीला सावलीत, पण कडेपासून मीटर-दोन मीटर आत, तोंड उघड्या बाजूला करून उभं करायचं. नवख्यासाठी ही सर्वांत खात्रीची जागा. दुसरी, जिथे सूर्य त्यांच्या पाठीमागे राहील आणि मागे गडद झाडी असेल. केसांची कड उजळते ती गडद पार्श्वभूमीवरच उठून दिसते, पांढऱ्या आकाशावर नाही. तिसरी, मोकळं माळरान, पाणी किंवा लांबलचक वाट, सूर्य अगदी खाली आल्यावरच्या मोठ्या फोटोंसाठी.

टाळायच्या जागाही सांगतो. पानांतून कवडसे पडतात ती जागा डोळ्यांना सुंदर दिसते; फोटोत मात्र एका गालावर पांढरा डाग आणि दुसऱ्यावर काळा पट्टा येतो, आणि तो एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. हिरव्यागार गवतात दाट झाडाखाली उभं केलं तर हनुवटीखाली आणि मानेवर हिरवट झाक येते, विशेषतः खाली गवतावर ऊन असेल तर. व्हाइट बॅलन्सने (रंगाची झाक सुधारणाऱ्या सेटिंगने) ती पूर्ण जात नाही, कारण कपाळावर ती नसते. भडक रंगवलेल्या भिंतीचंही तसंच.

वेळ दुपारचीच मिळाली तर? कधी कधी इलाज नसतो. मग मोकळ्या सावलीवरच सगळं शूट करा, उन्हातल्या जागांचा मोह सोडा. ढगाळ दिवस बिनधास्त स्वीकारा, पण एक लक्षात असू द्या: ढगाळ उजेड मऊ असला तरी वरूनच येतो, त्यामुळे डोळे खोल आणि निस्तेज दिसू शकतात. वरून आडोसा येईल अशी जागा घ्या, छपराची कड किंवा झाडाचा बाहेरचा घेर. म्हणजे उजेड समोरून येतो आणि डोळ्यांत चमक दिसते. त्या दिवशी अंधारही लवकर पडतो, तेव्हा अर्धा तास आधी सुरू करा.

सेटिंग सोपी ठेवा. रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर (भिंगाची उघडीप) आणि शटर (ते किती सेकंद उघडं राहतं) तुम्ही ठरवलेलं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२००. उजळ-गडद करायचं ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात चालतं का ते आजच बघा. चालत नसेल तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (शटर कॅमेरा ठरवतो) घ्या आणि ऑटो आयएसओच्या मेनूमध्ये किमान शटर स्पीड ठरवायची सोय असेल तर १/२५० लावा. शटरचे आकडे पाठच करा: उभी असतील तर १/२५०, चालत असतील तर १/५००, गिरकी किंवा उडी असेल तर १/१०००. नवख्यांचे सर्वाधिक फोटो बिघडतात ते फोकस चुकल्याने असं वाटतं. नीट पाहिलं तर त्यातले बरेच शटर कमी पडल्याने हललेले असतात. सूर्य गेल्यावर आयएसओ वाढला तर वाढू द्या, १/१२५च्या खाली मात्र जाऊ नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

या पद्धतीत एक सापळा आहे. मोकळ्या सावलीत एफ २.८ला आयएसओ १००वर शटर साधारण १/५०० येतं, सगळं सुरळीत चालतं. मग तुम्ही जोडीला उन्हात नेता. उन्हात एफ १६, आयएसओ १००ला १/१०० हा जुना हिशेब. तो एफ २.८पर्यंत पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) उघडला की शटर १/३२०० लागतं. तुमचं १/५००वरच राहिलं तर ऑटो आयएसओ १००च्या खाली जाऊ शकत नाही आणि चेहरे पांढरेफटक उडतात. सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना शटर बदलायची आठवण म्हणून प्रत्येक नव्या जागी पहिला फोटो चाचणीचा काढा आणि हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघा. स्क्रीनवरच्या उजळपणावर विसंबू नका. उन्हात स्क्रीन काळपट वाटते आणि तुम्ही नको इतकं उजळ करता, अंधार पडल्यावर उलटं होतं. जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय चालू ठेवा. आकाश लुकलुकलं तर चालेल, कपाळ किंवा नाकाचा शेंडा लुकलुकायला नको. मावळतीच्या उजेडात त्वचेचा लाल रंग आधी जळतो, त्यामुळे तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा दिसत असेल तर लालवर नजर ठेवा.

सूर्य पाठीमागे असताना कॅमेरा मागच्या उजेडाला फसतो आणि चेहरे काळे पडतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१पासून सुरू करा, गरजेनुसार +०.७ ते +१.७. लेन्सवर हूड (ऊन अडवणारी कडा) हवंच. तरी चित्र धुरकट दिसत असेल तर सूर्य थेट भिंगावर येतोय. मोकळ्या हाताने लेन्सवर सावली करा किंवा एक पाऊल सरकून सूर्य झाडामागे किंवा त्यांच्या डोक्यामागे लपवा. त्या धुरकटपणात ऑटोफोकसही अडखळतो, हेही सावली करायचं कारण.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर दर फोटोला थोडा थोडा बदलतो आणि नंतर चाळीस फोटोंचा रंग जुळवत बसावं लागतं. उन्हात ५५०० केल्विन, सावलीत ६५०० ते ७००० असा स्वतः लावा. रॉ असल्याने नेमका आकडा चुकला तरी एका जागेचे सगळे फोटो एकदम दुरुस्त होतात.

आता फोकस आणि खोली (किती जाडीचा पट्टा तीक्ष्ण येतो ती), कारण दोन माणसं म्हटली की इथे गणित बदलतं. एका चेहऱ्यासाठी एफ १.८ चालून जातं. दोन चेहरे एकाच प्रतलात नसतील तर एक तीक्ष्ण आणि एक धूसर येणार. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० एमएमने २ मीटरवरून, म्हणजे कमरेपर्यंतच्या उभ्या फोटोत, एफ १.८ला तीक्ष्ण पट्टा साधारण ११ सेंटिमीटर जाडीचा असतो. एफ २.८ला १८, एफ ४ला २५. जवळ जाऊन १.२ मीटरवरून फक्त चेहरे घेतलेत तर एफ १.८ला जेमतेम ४ सेंटिमीटर उरतात. आणि ५ मीटरवरून पूर्ण उंचीच्या फोटोत त्याच एफ १.८ला ७० सेंटिमीटर मिळतात. म्हणून बहुतेक नवखे करतात त्याच्या नेमकं उलट करा: लांबून घेताना अ‍ॅपर्चर एफ २पर्यंत उघडा, जवळ जाल तसं एफ ४कडे बंद करत जा. मागून मिठी मारलेली असेल तर दोन चेहऱ्यांत सहज १५-२० सेंटिमीटरचं अंतर असतं. तिथे एफ ४, शिवाय मागच्याला गाल पुढच्याच्या कानाजवळ आणायला सांगा.

फोकस पॉइंट एकच ठेवा आणि तो सरकवून कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर नेऊन ठेवा. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा वळवण्याची सवय असेल तर मोठ्या अ‍ॅपर्चरला आणि जवळच्या अंतराला तेवढ्या वळवण्याने फोकस डोळ्याच्या मागे जातो. कॅमेऱ्यात डोळे ओळखायची सोय असेल तर वापरा, पण दोन चेहऱ्यांत तो इकडून तिकडे उड्या मारतो. कोणाचा डोळा धरायचा ते तुम्ही निवडा. प्रत्येक पोझमध्ये तीन-चार फोटो लागोपाठ घ्या. दोघांपैकी एकाचे डोळे मिटलेले असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून बरीच जास्त असते.

इथपर्यंतचं एका चिठ्ठीवर मावेल असं लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटवा: उभे १/२५०, चालताना १/५००, गिरकी १/१०००, जवळून एफ ४, कमरेपर्यंत एफ २.८, पूर्ण उंचीला एफ २. पाठीमागे सूर्य तर +१.

मग सराव. तीन आठवड्यांत दोनदा, कोणाही दोन मित्रमैत्रिणींना घेऊन, शक्यतो त्याच जागी आणि त्याच वेळी, पूर्ण एक तास. जोडपंच असायला हवं असं नाही, दोन भावंडंही चालतील. तुम्हाला सवय लावायची आहे ती बोलत बोलत सेटिंग बदलायची. घरी येऊन सगळे फोटो १०० टक्के मोठे करून बघा आणि खराब फोटोंचे ढीग करा: हललेले, फोकस चुकलेले, उजेड चुकलेले, हात विचित्र आलेले. जो ढीग मोठा त्यावर दुसऱ्या सरावात काम. हे नवी लेन्स घेण्यापेक्षा कितीतरी जास्त कामी येतं.

जोडप्याशी आधी सविस्तर बोला, शक्यतो दोघांशी एकत्र. कपड्यांबद्दल थोडं: बारीक रेघा आणि बारीक चौकडी टाळा, सेन्सरवर त्यांच्या लाटा उमटतात. भडक निऑन रंगाची झाक हनुवटीवर येते. मोठी अक्षरं, लोगो नकोत. दोघांनी एकसारखं घालण्यापेक्षा एकाने शांत एकरंगी आणि दुसऱ्याने त्याच्याशी जुळणारं घालावं. जोड्या दोनच ठेवा, बदलायला प्रत्येक वेळी १५-२० मिनिटं जातात आणि ती तुमच्या सर्वोत्तम उजेडातून जातात. कोणी चष्मा लावत असेल तर उन्हात काळी होणारी काच आहे का विचारा; ती असली की सगळे डोळे काळे येतात, दुसरा साधा चष्मा आणायला सांगा. नखं स्वच्छ, अंगठी पुसलेली, खिशातले फोन-किल्ल्या काढलेल्या, मनगटावरचं केसांचं रबर आणि फिटनेस बँड काढलेला. हे शेवटचं त्या दिवशी तुम्हालाच आठवायचं आहे.

जवळिकीबद्दल स्पष्ट विचारा: मिठी, कपाळ टेकवणं, चुंबन, यातलं काय चालेल, काय नको? एकाला चालतं आणि दुसऱ्याला संकोच वाटतो असं नेहमी होतं. तिथे उघड्यावर, लोकांसमोर विचारलंत तर खरं उत्तर मिळत नाही. फोटो कुठे टाकायला त्यांची परवानगी आहे, किती फोटो मिळतील, कधी मिळतील, पाऊस आला तर दुसरा दिवस कुठला, हे मैत्री असली तरी लिहून पाठवा. एका तासाच्या शूटमधून ४० ते ५० निवडक फोटो हे पाळता येईल असं आश्वासन आहे. हे तुमचं पहिलं शूट आहे हेही त्यांना माहीत असू द्या. जागा खाजगी असेल किंवा व्यवस्थापनाची असेल तर परवानगी आधी घ्या. भर शूटमध्ये कोणी हटकलं की मूड परत जमवायला बराच वेळ जातो.

पोझ पाठ करू नका. चाळीस पोझ पाठ केल्यात तर अकराव्याला आठवणार नाहीत. चार मांडण्या धरा: शेजारी उभे, समोरासमोर, मागून मिठी आणि चालताना. प्रत्येक मांडणी तीन अंतरांवरून घ्या, पूर्ण उंची, कमरेपर्यंत, चेहरे. आणि प्रत्येक अंतरावर दोन नजरा: कॅमेऱ्याकडे आणि एकमेकांकडे. चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे २४ वेगळे फोटो झाले, आणि जागा बदलली की पुन्हा २४. अंतर तुम्ही बदलायचं, त्यांनी नाही. दोघं एकमेकांत रमली असताना त्यांना हलवू नका, तुम्ही चाला.

मांडणी झाली की चुका खालून वर बघा. पाय: वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकलं की माणूस खांब दिसतो. कंबर: दोघांच्या मध्ये कमरेशी फट पडते, कारण लाजून लोक खांदे जवळ आणतात आणि पाय लांबच ठेवतात, ‘पावलं जवळ आणा’ म्हटलं की फट मिटते. हात: रिकामा हात लोंबकळतो, त्याला काम द्या, खिशात अंगठा बाहेर ठेवून, समोरच्याच्या दंडावर, स्वतःच्या दुपट्ट्यावर किंवा जाकिटाच्या कडेवर. बोटं दाबायची नाहीत, टेकवायची. आणि पंजा कॅमेऱ्याला सपाट न दाखवता करंगळीची कड दाखवायची. चेहरे: समोरासमोर उभे असताना नाकं एकमेकांवर दाबली गेली की दोघंही वाईट दिसतात, बोटभर अंतर ठेवा. ओठ टेकल्यावरच्या फोटोपेक्षा टेकायच्या आधीचा फोटो जवळजवळ नेहमीच सरस येतो. उंचीत फार फरक असेल तर उंच माणसाला पाय थोडे फाकवायला सांगा, किंवा दुसऱ्याला उताराच्या वरच्या बाजूला उभं करा.

समोरासमोर उभं करताना उजेडाचा एक घोळ हमखास होतो. सूर्य बाजूला असेल तर एकाच्या चेहऱ्यावर ऊन पडतं आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्याची सावली. उपाय सेटिंगमध्ये नाही. दोघांना असं वळवा की सूर्य त्यांच्या मागे, दोघांच्या मधोमध येईल. मग दोन्ही चेहरे सारखेच सावलीत जातात आणि आकाशाच्या परतलेल्या उजेडाने उजळतात.

‘हसा’ म्हणू नका. काम द्या. हळू चालत माझ्याकडे या, खांद्याने एकमेकांना हलकं ढकला. तिच्या कानात आजचा सगळ्यात निरर्थक बेत सांग. डोळे मिटून कपाळ टेकवा आणि तीन श्वास घ्या. चालताना पावलं लहान, आणि नजर जमिनीवर नको. तेव्हा सततचा फोकस मोड लावा आणि स्वतः मागे चालू नका, थांबून राहा आणि त्यांना जवळ येऊ द्या. अंगाला हात लावून पोझ दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः तसं उभं राहून दाखवा, त्यांना हसूही येतं. आणि सेटिंग बदलत असाल तेव्हा बोला: ‘तुम्ही मस्त आहात, मी फक्त उजेड बघतोय.’ दर फोटोनंतर स्क्रीन बघून कपाळाला आठ्या पाडणारा फोटोग्राफर हा जोडप्याचा आत्मविश्वास घालवायचा सर्वांत झटपट मार्ग आहे.

तासाची वाटणी साधारण अशी करा. सूर्यास्ताच्या ७५ मिनिटं आधी मोकळ्या सावलीत सुरुवात. पहिली १५ मिनिटं सरावाची समजा. फोटो काढा पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. याच वेळात घरच्यांना फ्रेम करायला लागणारे सरळ, कॅमेऱ्याकडे बघून हसणारे फोटो उरका, कारण नवखे कलात्मक फोटोंच्या नादात नेमके हेच विसरतात. मग पाठीमागच्या उन्हाची जागा, त्यानंतर शेवटच्या २० मिनिटांत मोकळं मैदान. सूर्य बुडाल्यावर लगेच सामान आवरू नका. पुढची १०-१५ मिनिटं आकाशाचा उजेड अतिशय मऊ असतो. जोडीची तोंडं मावळतीकडे करा, एफ २, १/१२५ ते १/२००, आयएसओ चढू द्या. अंगठीचे फोटो सावलीच्या भागातच घ्या, किट लेन्स ५५ एमएमला, एफ ८, आणि फोकस खड्याच्या पुढच्या कडेवर. ५० एमएम तेवढ्या जवळून फोकस धरत नाही.

रिफ्लेक्टर घ्यायचाच असेल तर ८० सेंटिमीटरचा, आणि पांढरी बाजू वापरा. चंदेरी बाजूने लोक डोळे किलकिले करतात. धरायला माणूस नसेल तर आणूच नका, वाऱ्याने तो उडतो. जमिनीवर ठेवून वर उजेड फेकला तर नाकाची सावली वर चढते आणि चेहरा भयपटातला दिसतो. छातीच्या उंचीवर, बाजूने धरायचा. फ्लॅश या शूटला आणू नका. साध्या फ्लॅशला शटर १/२००च्या आसपासच अडकतं, वरचा १/३२००चा हिशेब आठवा, म्हणजे कारण कळेल.

वारा असेल तर लांब केस असलेल्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेला. पाठीवरून वारा आला की केस तोंडावर येतात.

बॅगेत दोन भरलेल्या बॅटऱ्या, दोन कार्डं, भिंग पुसायचं कापड, पाणी, टिशू, काही सेफ्टी पिना. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, ५०० फोटो म्हणजे १५ जीबीपर्यंत. ६४च्या एका कार्डापेक्षा ३२ची दोन बरी, जागा बदलताना कार्डही बदला. आदल्या रात्री मागच्या शूटची सेटिंग निघाली आहेत का बघा: आयएसओ ६४००वर अडकलेला, सेल्फ टायमर चालू, जेपीईजी लहान आकारात, लेन्स मॅन्युअल फोकसवर, असे प्रकार नेमके पहिल्याच फोटोला समजतात.

घरी आल्यावर जेवायच्याही आधी फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, त्यातलं एक कॉम्प्युटरच्या बाहेरचं असावं. निवड त्याच रात्री करू नका, दुसऱ्या दिवशी करा. एका पोझचा एकच फोटो ठेवा. सारखे सात पाठवलेत तर त्यांना निवडायचं काम दिलंत. एका जागेचा एक फोटो नीट एडिट करून तोच रंग त्या जागेच्या बाकीच्यांना लावा, मग एकेक बारीक दुरुस्ती. त्वचा घासून गुळगुळीत करू नका, तात्पुरती पुटकुळी काढा, तीळ ठेवा. प्रिंटसाठी पूर्ण आकाराच्या आणि फोनसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल अशा दोन प्रती एसआरजीबी या नेहमीच्या कलर प्रोफाइलमध्ये द्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने २० बाय १३ इंचांपर्यंत छापता येतो हेही त्यांना सांगून ठेवा. कार्डं मात्र फोटो त्यांच्या हातात पडून त्यांनी उघडून पाहीपर्यंत फॉरमॅट करू नका.